तीन बॅक आणि एक मेंदू

हसूरकर सरांनी आम्हा सगळ्यांच्या चपला मागवून घेतल्या आणि तालमीच्या अंगणात एकेक करून मांडायला सुरुवात केली. तीन चपला मागं, त्यांच्यापुढं चार एका ओळीत आणि अगदी टोकाला दोन. मधे एक जागा रिकामी राहिली. सरांनी इकडंतिकडं बघितलं, कट्ट्याशेजारचा अभयसिंहाचा पांढराशुभ्र परदेशी बूट दोन्ही हातांनी उचलला आणि नैवेद्य ठेवावा तसा त्या जागेवर ठेवला.

"हा प्लेमेकर," सर म्हणाले.

आम्ही सगळे अनवाणी उभे राहून त्या बुटाकडं बघत होतो. बुटाचा मालक कट्ट्यावर पाय सोडून मोबाइलमध्ये रमला होता. बाकीच्यांच्या चपला झिजलेल्या, अंगठा तुटलेल्या, एक तर सुतळीनं बांधलेली. त्यांच्यामधे तो बूट असा दिसत होता, की फुटबॉलमधलं काही न कळणाऱ्यालाही या संघात कोण कुणासाठी पळणार आहे ते कळावं.

आमची वाघजाई तालीम कोल्हापुरातल्या इतर तालमींसारखीच. बांधली कुस्तीसाठी आणि नाव काढलं फुटबॉलमध्ये. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती तशीच होती, पण तिच्यात उतरणारे फक्त म्हातारे वस्ताद आणि तालमीचं मांजर. मी त्या संघाचा लेफ्ट बॅक, सर्जेराव आयरेकर. कित्येक वर्षं डावी कड राखून होतो. मधे स्टॉपर गौस शिकलगार, उंच आणि अबोल, फाउंड्रीत काम करणारा. त्याच्या जोडीला पिंट्या सुतार आणि उजव्या कडेला संभा. असे आम्ही चार बॅक होतो. वर्षानुवर्षं चारच होतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर चंद्रसेन तालीम. त्यांच्याशी आमचं वैर इतकं जुनं, की ते कशावरून सुरू झालं हे दोन्हीकडच्या कुणालाच आठवत नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी आमचे अध्यक्ष नाना खराडे यांचा पुतण्या अभयसिंह पाचगणीच्या शाळेतून आणि पुढं पुण्याच्या कॉलेजातून शिकून घरी आला. पोरगं वाईट नव्हतं. बॉल पायावर झेलत बसलं, की बघणाऱ्याचा चहा गार व्हायचा. फक्त बॉल पायातून निसटला, की त्याच्यामागं जाणं त्याला कमीपणाचं वाटे. गेलेल्या माणसाला हाक मारू नये, तसा तो गेलेल्या बॉलकडं बघत राही. नानांनी हसूरकर सरांना बोलावून सांगितलं, की पोराला खेळवायचंय, कसं ते तुम्ही बघा. सर पुण्याला कोचिंगचा कोर्स करून आले होते. तिथं शिकलेलं कुणावर तरी वापरायचं त्यांच्याही मनात होतंच.

आता त्यांनी हातातल्या वेताच्या काठीनं चपला दाखवत व्यूह समजावून दिला. समोरच्या संघाचे फॉरवर्ड दोन असतात, म्हणून आपले बॅक तीन. दोघांनी दोघांना धरायचं आणि एक कायम मोकळा राहायचा. मधल्या ओळीतल्या चौघांपैकी कडेचे दोघं आपापल्या बाजूनं पूर्ण मैदान वरखाली धावणार. बॉल आपला असला की पुढं, त्यांचा झाला की मागं. मधले दोघं प्लेमेकरच्या मागं राहून त्याच्या वाटणीचं अडवण्याचं काम करणार. आणि प्लेमेकर समोरच्यांच्या मधल्या फळीच्या मागं आणि बॅकच्या पुढं, त्या दोन ओळींच्या फटीत उभा राहणार.

"त्याला कुणी धरायचं हेच त्यांना कळत नाही," सर म्हणाले. "बॅक पुढं आला तर मागं भगदाड पडतं. मधला मागं गेला तर मैदान मोकळं होतं. सगळी गंमत त्यातच आहे."

सर सांगत होते ते खरं आहे. आज टीव्हीवर मोठमोठे संघ असं खेळताना मी बघतो आणि त्यात खोट काढायला जागा नाही. व्यूहाचा दोष कधीच नसतो. तो ज्याच्यासाठी मांडला जातो त्याच्याकडं तेवढं बघावं.

गौसनं हात वर केला. तो कधी काही विचारत नसे, त्यामुळं सगळे त्याच्याकडं वळले.

"सर, बॉल त्यांच्याकडं गेल्यावर ह्यानं काय करायचं?"

सरांनी बुटाकडं बघितलं. "विचार," ते म्हणाले. "त्यानं विचार करायचा. तो संघाचा मेंदू आहे."

हे वाक्य नानांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी चौकात अभयसिंहाचा भलामोठा डिजिटल फलक लागला. हाताची घडी, डोळ्यांवर गॉगल आणि खाली ठळक अक्षरांत 'वाघजाईचा मेंदू'. चौकातून जाणाऱ्या चंद्रसेनच्या पोरांनीही तो नीट वाचला. पण ते पुढं.

चपला मांडल्या त्या सकाळी मला वेगळीच काळजी लागली होती. मागं चपला तीन होत्या आणि आम्ही चौघं. गौसची चप्पल मी ओळखली, पिंट्याची ओळखली. तिसरी कुणाची हे सरांनी अजून ठरवलं नव्हतं, ते म्हणाले हाताला आली ती ठेवली. माझी भिंतीकडेला उताणी पडली होती.

ही काळजी नुसती खेळाची नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दत्तोबा इंगवल्यांचं घर. दत्तोबा तालमीचे एकेकाळचे गोलकीपर, त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी आणि त्याचा त्यांना अभिमान. त्यांची मुलगी वैजयंती माझ्याबरोबर एकाच शाळेत होती. आता ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करायची. मला ती हवी होती. यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते सांगता येत नाही आणि त्या काळी तर एवढंही कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मामानं मात्र ओळखलं आणि दत्तोबांच्या कानावर घातलं. दत्तोबांनी नोकरी विचारली नाही, पत्रिका विचारली नाही. म्हणाले, "फायनल हू दे. पयल्या अकरात दिसला तर बोलू. बाकड्यावर बसणाऱ्याला माझी पोरगी द्यायची न्हाई."

मामानं हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पहिल्या अकरात मी नसेन असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तिसरी जागा मला की संभाला, यावर तालमीत दोन दिवस वाद झाला. सरांनी शंकूंमधून पळायची चाचणी सुचवली. त्यावर वस्ताद खवळले. त्यांचं म्हणणं असं, की या तालमीत एका मानाला दोन दावेदार उभे राहिले, की ते हौद्यात उतरतात. गणपतीच्या मिरवणुकीत पुढं कोण राहणार हेही असंच ठरत आलंय. सर म्हणाले, कुस्तीनं बॅक निवडल्याचं जगात कुठं ऐकलं नाही. वस्ताद म्हणाले, चपलांनी निवडल्याचं तरी कुठं ऐकलंय? नानांना जेवायला जायचं होतं. त्यांनी वस्तादांच्या बाजूनं निकाल दिला.

मी आणि संभा लंगोट लावून लाल मातीत उतरलो. दोघांनाही कुस्तीतलं ओ की ठो येत नव्हतं. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी मात्र कित्येक वर्षांनी हौदा वापरात आला म्हणून इतकी खूश झाली, की घरून आणखी माणसं बोलावून आणली. संभानं पहिल्याच झटक्यात माझी मान काखेत धरून अशी पिरगाळली, की मला क्षणभर माझीच पाठ दिसली असावी. मी खाली वाकून हाताला लागला तो पाय ओढला. तो संभाचाच निघाला. संभा उताणा पडला आणि वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाचगणीहून आलेल्या पोराला जागा हवी म्हणून आम्ही दोन जुने सोबती मातीत लोळत होतो आणि ते पोरगं कट्ट्यावरून आमचा व्हिडिओ काढत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मान हलेना. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, वर नाही, खाली नाही. बघायचं तर आख्खा माणूस वळवायचा. सरांना कळलं असतं तर संभा आत आणि मी बाहेर. फक्त गौसला सांगितलं.

"मग मॅच बघणार कशी तू?"

"समोरचं दिसतंय की. बाजूचं तू सांग."

गौसनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. तेवढंसुद्धा मला जमत नव्हतं म्हणून हेवा वाटला.

फायनलला स्टेडियम तुडुंब भरलं होतं. दत्तोबा गोलच्या मागं, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. बायकांची गॅलरी मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर. वैजयंती तिथं असणार हे मला माहीत होतं, पण तिकडं बघायचं तर मला समोरच्या फॉरवर्डकडं पाठ करून उभं राहावं लागलं असतं. त्यामुळं पूर्ण सामना मी नाकासमोर बघितला आणि माझ्या नाकासमोर होती अभयसिंहाची पाठ.

चंद्रसेनवाल्यांना त्याला कुणी धरायचं हा प्रश्न पडलाच नाही. त्यांनी चौकातला फलक वाचला होता. मेंदू म्हटल्यावर त्यांनी एकाऐवजी दोघं लावले, चांगले दणकट, आणि ते सुरुवातीपासून अभयसिंहाच्या दोन्ही बाजूंना चिकटून उभे राहिले. दोन पहिलवानांच्या मधे सापडल्यावर शहाणा माणूस जे करेल तेच त्यानं केलं. त्यानं हालचालच बंद केली. एकदा कमरेवर हात ठेवून, एकदा हाताची घडी घालून तो उभा राहिला आणि बॉलकडं पाठ फिरवून गॅलरीकडं बघू लागला. त्याचे दोन पहारेकरीही उभे राहिले. कडेला सर नखं खात होते. बाकीचं मैदान आमच्या घामानं भिजलं. कडेचे दोघं मागं धावून धावून वाकले, मधले दोघं चौघांचं काम करून रडकुंडीला आले आणि गौस मला ओरडून ओरडून डावंउजवं सांगत होता. "डावीकडं, सर्जा. तुझ्या डावीकडं. आता मागं." दीड तास मी आंधळ्यासारखा खेळलो, पण कडेनं कुणाला सोडलं नाही.

हाफटाइमला गोल नव्हता. सर म्हणाले, व्यूह अजून उलगडतोय. पिंट्या पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाला, "उलगडू दे सर, पर ह्येला जरा हलवा तरी." अभयसिंह तेव्हा आरशासमोर उभा राहून केस नीट करत होता.

दुसऱ्या हाफच्या शेवटी शेवटी गौसच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांचे दोघं जर एका माणसाला धरून उभे असतील, तर मधे कुणी तरी कमी पडत असणार. त्यानं बॉल घेतला आणि चालायला लागला. धावलाही नाही. स्टॉपर बॉल घेऊन अर्धं मैदान ओलांडतोय आणि त्याला कुणीच अडवेना. त्याला अडवायचं ज्यांचं काम, ते अभयसिंहाशेजारी उभे होते. गौस नीट त्यांच्याच दिशेनं निघाला. तेवढ्यात गॅलरीतून कुणी हाक मारली की काय कोण जाणे, अभयसिंह दोन पावलं बाजूला सरकला. पहारेकरीही इमानानं दोन पावलं सरकले. मधे बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. गौसनं त्या वाटेतून बॉल असा हाणला, की त्यांच्या कीपरनं तो जाळ्यातच बघितला.

आमची आख्खी पेठ मैदानात उतरायची बाकी राहिली. पण गौस पुढं गेलेला, कडेचे दोघं पुढं गेलेले आणि चंद्रसेनवाल्यांनी लगेच उलटी चढाई केली. मागं पिंट्या आणि मी. पिंट्या घसरला. समोरून आलेला बॉल मला शेवटच्या क्षणी दिसला, थेट माझ्या तोंडावर येताना, आमचा कीपर केव्हाच चुकलेला. बाजूला होता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. मी तसाच उभा राहिलो. बॉल कपाळावर आदळून परत गेला आणि मानेतून अशी कळ आली, की मी गोलच्या रेषेवर गुडघ्यावर बसलो. मागून दत्तोबांचा आवाज आला, "शाब्बास." मला वळून त्यांच्याकडं बघता आलं नाही, पण ऐकू नीट आलं.

रेफरीची शिट्टी झाली आणि सामन्याचा मानकरी जाहीर झाला, अभयसिंह खराडे. चतुर हालचालीनं जागा मोकळी करून दिल्याबद्दल. नानांनी त्याला खांद्यावर घ्यायला लावलं. खांदे कुणाचे ते वेगळं सांगायला नको. हसूरकर सर पुढं महिनाभर दिसेल त्याला ती दोन पावलं समजावून सांगत होते आणि त्यासाठी चपला मागत होते.

मला त्याचं काही वाटलं नाही. मी जिंकलो होतो. पहिल्या अकरात दिसलो होतो, शेवटपर्यंत मैदानावर होतो आणि ज्याला दिसायला हवं होतं त्यानं शाब्बास म्हटलं होतं. दोन दिवसांनी दत्तोबा मामाला भेटले. "पोरगं खंबीर हाय," म्हणाले. "बोलू." आमच्यात मुलीकडच्यांनी यायचं असतं, घाई दाखवली तर हलकं दिसतं. मी वाट बघत बसलो.

मधल्या काळात मानेला लावायला मलम आणायला मी वैजयंतीच्या दुकानात जात असे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं विचारलं, "लई दुखतंय का?" मी म्हटलं, एवढं काही नाही. पुढच्या वेळी तिनं सांगितलं, कपाळावरचा बॉल तिनं बघितला, अंगावर काटा आला. मी म्हटलं, बॅकचं कामच असतं ते. नंतर एकदा दुकानात आम्ही दोघंच होतो. ती काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी ट्यूबवरची किंमत वाचली. मग मलम घेतलं आणि निघालो. घरी येताना वाटलं, दत्तोबा या आठवड्यात येतील.

दत्तोबा आले ते पेढे घेऊन. वैजयंतीचं ठरलं होतं, खराड्यांच्या अभयसिंहाशी. दत्तोबांना माझ्याकडं बघवेना. "मी न्हाईच म्हणत हुतो बाबा," ते मामाला म्हणाले. "पर पोरगीच म्हटली, मला ह्योच पायजे. काय करू सांग."

मी सरळ दुकानात गेलो. एका म्हाताऱ्याला ती खोकल्याचं औषध कधी घ्यायचं ते सांगत होती. तो जाईपर्यंत थांबलो. मला राग आला होता आणि तो तिनं बघावा असंही वाटत होतं.

"तुझे बाबा बोलतो म्हणाले होते," मी म्हटलं.

"तुझ्या मामाशी बोलणार होते. माझ्याशी कोण बोलणार होतं?"

"ते तुझ्या घरच्यांनी..." मग मनातलं होतं ते बाहेर पडलं. "तो पोरगा आख्ख्या मॅचमध्ये एक पाऊल पळाला नाही, वैजू. उभा होता नुसता. तू बघत होतीस की नाही?"

"बघत होते. त्याला खेळता येत नाही हे मला कळत नाही असं वाटतं तुला? गोलकीपरची पोरगी आहे मी." तिनं समोरची खोकी नीट लावली. "मॅच झाल्यावर चौथ्या दिवशी तो इथं आला. काही घ्यायचं नव्हतं त्याला. म्हणाला, मला तू आवडतेस, तुला मी चालेन का? मी म्हटलं, विचार करायला वेळ दे. दिला त्यानं. मला वाटलं, तेवढ्या वेळात तू विचारशील. रोज दुकान उघडताना वाटायचं."

"मी आलो होतो की."

"आलास. दरवेळी आलास. ट्यूब घेतलीस आणि गेलास." तिचा आवाज चढला नाही, मला तो चढायला हवा होता. "माझ्याकडं कुणी येऊ नये म्हणून तू नीट उभा राहिलास सर्जा. पण तू कुठं आलास?"

मला खूप काही सांगायचं होतं. रीत, मामा, तिच्या बाबांचा शब्द, माझी जागा. तेवढ्यात एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन दुकानात आल्या आणि माझ्यामागं उभ्या राहिल्या.

वैजयंतीनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय देऊ?" तिनं विचारलं.

माझी मान केव्हाच बरी झाली होती. मी म्हटलं, "मलम."